जोडाची जागा

पायसांदू,
रविवार, ९ जून २०१९

प्रिय सुल्मा,

तुझं पत्र मिळालं, संत्र्यांची पेटी मिळाली, जांभळी मेणबत्तीही मिळाली. संत्री गोड निघाली. मेणबत्ती वीज गेली की लावेन.

इकडे सगळं ठीक. थंडी सुरू झाली. सकाळी नदीवरून इतकं धुकं येतं की कत्तलखान्याच्या फाटकावर कोण उभं आहे ते खोकल्यावरून ओळखावं लागतं. आमच्या आतड्यांच्या विभागात एल्बिओची पाठ धरलीय. सात जणांचं काम सहा जण ओढतोय, आणि मुकादम मी असल्यामुळे शिव्या मलाच. परवा वरच्या ऑफिसातून एक शहाणा आला, हातात घड्याळ घेऊन. एक आतडं रिकामं करून धुवायला किती सेकंद लागतात ते मोजायचं होतं त्याला. दहाव्या मिनिटाला वासानं पांढरा पडला. मी त्याला बसायला बादली दिली.

आता तुझ्या आमंत्रणाबद्दल. ऑगस्टमध्ये तुझ्या शनिवारच्या मंडळाला तीन वर्षं होतात, म्हणून मी साल्तोला येऊन पुन्हा 'चार शब्द' बोलावेत असं तुझं म्हणणं. सुल्मा, मी येणार नाही. ब्युनोस आयर्सला सहा शनिवार-रविवार सतरंजीवर बसून तू जी विद्या शिकून आलीस तिचं मला पहिल्या दिवसापासून हसू येतं, हे तुला माहीत आहे. गुडघा दुखला की न वाकणारा अहंकार. कान फुटला की आईचं न ऐकलेलं बोलणं. आणि आतडी बिघडली की न पचलेला राग. मग ज्याच्यावर राग आहे त्याला पत्र लिहायचं, मंडळात मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी एकाच नळीनं मातेचा कडू चहा ओढत डोळे पुसायचे आणि पत्र जाळून टाकायचं. राख झाली की आजार गेला! आमच्याकडे रोज चारशे गुरांची आतडी येतात. त्यांतली बरीच बिघडलेली असतात. त्या गाईंचा कोणावर राग होता ते एकदा बघून सांग.

तू म्हणशील, मग गेल्या वर्षी जानेवारीत तुझ्याच अंगणात उभी राहून बोललीस ती कशी? बोलले. तू फार मागे लागली होतीस. तो व्हिडिओ तू प्रत्येक नव्या माणसाला दाखवतेस असं कळलं. काढून टाक. त्यात मी जाड दिसते.

माझं पोट उत्तम आहे. विचारलंस म्हणून सांगते, परत विचारू नकोस. ऑपरेशनला अडीच वर्षं झाली, अडतीस सेंटीमीटर आतडं गेलं आणि त्याच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. हल्ली भात आणि उकडलेला भोपळा खाते. पन्नाशी उलटली की माणसाला साधं जेवण आवडू लागतं.

तुझी यामिला जुलैच्या सुट्टीत येते म्हणतेस, जरूर पाठव. एकोणीस वर्षांची पोर घरात मेणबत्त्यांचा धूर खात बसण्यापेक्षा इकडे नदीकाठी चार दिवस भटकू दे. तिच्यासाठी खोली झाडून ठेवते.

तुझी,
निबिया

ता. क. तुझी ती निळी पॅन्ट, जी मला कधी मांडीच्या वर चढली नाही, ती जुन्या पेटीत सापडली. आता बसते. परत हवी असेल तर कळव.


पायसांदू,
रविवार, २८ जुलै २०१९

सुल्मा,

तुझी मुलगी आजारी आहे.

हे वाक्य शेवटी लिहायचं ठरवलं होतं. आधी हवापाणी, एल्बिओची पाठ, मग हळूच विषय. पण तू कोणाचंही बोलणं अर्ध्यावर तोडून उपदेश सुरू करतेस. पत्राचंही तसंच करशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं.

यामिला दहा दिवस राहिली आणि कालच्या बसनं गेली. गुणी पोर आहे. सकाळी माझ्याआधी उठून पाणी तापवून ठेवायची. कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला करून तिनं मला हसवलं. एवढी हुशार मुलगी तुझ्या पोटी कशी आली, हे कोडंच आहे.

गेल्या रविवारी एल्बिओकडे जेवायला गेलो होतो. नेहमीप्रमाणे त्यानं निखाऱ्यावर सगळ्यात आधी आतडी टाकली. कुरकुरीत झाली तशी यामिलाच्या ताटात एक वेटोळं वाढलं. तिनं सुरीनं त्याचे आठ तुकडे केले आणि आठही पावाखाली सारले.

"काय गं," एल्बिओ म्हणाला, "तुझ्या मावशीच्या हातची धुतलेली आहेत. अख्ख्या देशात यापेक्षा स्वच्छ मिळायची नाहीत."

"पोट भरलं, काका."

"कशानं भरलं? वाऱ्यानं?"

सगळे हसले, तीही हसली. मग संडासात गेली आणि नळ पूर्ण सोडला. सुल्मा, जेवणानंतर माणूस नळ सोडून बसतं ते का, ते मला कोणी शिकवायला नको. मी ताट तसंच ठेवलं आणि घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा ओठांना लाली लावली होती, म्हणजे चेहऱ्याचा रंग दिसू नये.

त्यानंतर मी बघत राहिले. ओठांच्या आत पांढरे फोड. दुपारी चारच्या सुमाराला अंग कोमट, रोज. गुडघे छातीशी घेऊन झोपते. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडलीत. तू तिच्यासोबत एका घरात राहतेस, माणसांच्या आतलं ओळखण्याचा टेंभा मिरवतेस, आणि तुला भोकं दिसली नाहीत?

बुधवारी स्वयंपाकघरात तिला धरलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस?"

"मला बनवू नकोस. पोटात कळ किती दिवस येते?"

"वर्ष झालं असेल. येते नि जाते." ती टेबलावरचे चुरे गोळा करत होती. "आई म्हणते, बाबांवरचा राग आहे."

"तुझा बाप स्पेनला गेला त्याला दहा वर्षं झाली. राग काय बोटीनं आला?"

"मी त्यांना सोळा पत्रं लिहिली, मावशी."

"मग?"

"जाळली सगळी."

"आणि पोट?"

ती खुदकन हसली. "सतरावं लिहायला घेतलंय."

मी तिला बाकावर आडवी केली आणि पोटावर हात ठेवला. उजवीकडे, खाली, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला. एकतीस वर्षं मी आतडी बोटांतून ओढतेय. चांगलं आतडं बोटाखाली असूनही नसल्यासारखं असतं. हिच्या कातडीखाली वीतभर लांब, जाड दोर होता, आणि दाबला तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं. माझंही दुखणं त्याच जागी होतं. हा आजार घराण्यात फिरतो, सुल्मा. डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घरात आणखी कोणाला आहे का. तेव्हा नव्हता.

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं.

"नाही."

"मी विचारत नाहीये."

"मावशी, तूच उभी राहून सांगितलंस ना? तुझा तो व्हिडिओ मला पाठ आहे. 'गोळ्या सोडल्या, पत्र लिहिलं, आणि आज माझं पोट माझं आहे.' तुला जमलं ते मला का नाही जमणार?"

यावर मी काय म्हटलं ते तुला सांगण्यात अर्थ नाही.

तर आता तुझं काम. तिला साल्तोत किंवा इथे, पोटाच्या डॉक्टरकडे ने. खऱ्या डॉक्टरकडे, ज्याच्या भिंतीवर सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र नाही. रक्त तपासू दे, आत कॅमेरा घालून बघू दे. तुझ्या मंडळातल्या बायकांच्या गुडघ्यांचं आणि कानांचं तू काय हवं ते कर. गुडघा वाट बघतो. आतडं बघत नाही, ते आतून जाड होत होत बंद होतं. मला हे कसं ठाऊक, विचारू नकोस.

उत्तर लवकर दे. आवाजी निरोप पाठवू नकोस. तुझ्या सात-सात मिनिटांच्या उसाशांना माझ्याकडे वेळ नाही.

निबिया


पायसांदू,
रविवार, २५ ऑगस्ट २०१९

सुल्मा,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. डाव्या हाताला सुई आहे आणि कागद गुडघ्यावर आहे. दुपारचे तीन वाजलेत. माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीत तुझी मुलगी झोपलीय, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशीच.

तुझं मागच्या पत्राचं उत्तर माझ्या उशाशी आहे. एक वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंस: 'निबिया, तू स्वतःच जिवंत पुरावा आहेस, आणि तूच शंका घेतेस?' पुढे लिहिलंस की यामिलाचं दुखणं 'वर येतंय', म्हणजे बरं होण्याचं लक्षण. आणि मी दवाखान्यात पडले हे कळल्यावर तू मंडळाला सांगितलंस म्हणे, की निबियानं कोणाला तरी अजून क्षमा केलेली नाही. तुझ्या डोक्यात नेमकं काय भरलंय, याचा मी पुष्कळ विचार केला. पडल्या पडल्या दुसरं काम नव्हतं. पण आज तुझी सालं काढायची ताकद मला जपून वापरायचीय, कारण आज दुसऱ्या एका मूर्ख बाईबद्दल लिहायचं आहे.

बारा तारखेला सकाळी कामावर असताना माझं आतडं बंद पडलं. धुण्याच्या टाकीशी वाकले ती सरळ होता येईना. एल्बिओनं, पाठ धरलेल्या माणसानं, मला उचलून बाहेर नेलं. नाकातून पोटात नळी घातली आणि पाच दिवस माझ्या आतलं हिरवं पाणी पिशवीत गोळा होत राहिलं. आता थोडं सुटलंय. ऑपरेशन टळलेलं नाही, पुढे गेलंय. क्रोन, तोच जुना आतड्याचा आजार, परत आलाय.

परत आत्ता नाही आला. मे महिन्यात डॉक्टर बेंतांकोरनं कॅमेरा घालून मला पडद्यावर दाखवला होता. जिथे कापून दोन टोकं जोडली होती, बरोबर त्या जोडाच्या जागी. खड्डेच खड्डे, आणि वाट करंगळीएवढी. म्हणजे जूनमध्ये तुला 'पोट उत्तम आहे' असं लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. जुलैत यामिलाच्या पोटावर हात ठेवला तेव्हाही माहीत होतं.

आता त्याआधीचं. अडीच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं तेव्हा हीच बेंतांकोर, तीस-बत्तीसची पोरगी, कानात मोत्याचे डूल, माझ्या खाटेशी येऊन बसली होती.

"निबियाबाई, खराब भाग काढलाय. पण हा आजार कापून जात नाही. तो बहुतेकदा परत येतो, आणि आला की आधी जोडापाशी येतो. या गोळ्या रोज घ्यायच्या, सहा महिन्यांनी कॅमेऱ्यानं बघायचं, आणि तंबाखू आजपासून बंद."

"तुम्ही आजवर किती आतडी हातात घेतलीत, डॉक्टर?" मी विचारलं.

"हातात? सर्जन घेतात. मी पडद्यावर बघते."

"मी दिवसाला चारशे घेते."

ती हसली. मला वाटलं, निरुत्तर झाली म्हणून हसली.

आमच्या विभागात काय करतात ते तू कधी बघितलं नाहीस, कारण तुला वास सहन होत नाही. आतडं पाण्यानं भरून उजेडासमोर धरतो. कुठे गाठ, कुठे व्रण, कुठे भोक दिसलं की दोन्ही बाजूंना चार बोटं सोडून कापतो आणि तो तुकडा बादलीत. उरलेलं पहिल्या प्रतीचं. त्याची जुडी बांधून मिठाच्या पिंपात घालतो, आणि ते समुद्रापलीकडे जातं. एकतीस वर्षांत माझं एकही पिंप परत आलेलं नाही. मी ते सगळ्यांना सांगते, तुलाही हजारदा सांगितलंय. तर माझ्या हुशार डोक्यानं सरळ हिशेब मांडला: खराब तुकडा बादलीत गेला, उरलेली मी पहिल्या प्रतीची. त्या पोरीला काय कळतंय!

गाईचं आतडं मेलेलं असतं म्हणून तसंच राहतं. माझं जिवंत होतं. एवढी साधी गोष्ट आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही समजली असती. मुकादमबाईंना समजली नाही.

गोळ्यांनी मळमळायचं, सारखं रक्त तपासायला जावं लागायचं. तीन महिन्यांत गोळ्या बंद केल्या. सहा महिन्यांच्या कॅमेऱ्याला गेले नाही. तंबाखू शीतगृहामागे उभी राहून दुप्पट ओढली. आणि मला काहीही झालं नाही! वर्षभर मी घोड्यासारखी होते. तेव्हा त्या डॉक्टरणीला मी मनात किती हसले, ते तुला सांगता यायचं नाही.

पुढच्या जानेवारीत तुझ्याकडे आले. तुझ्या मंडळाला चारच माणसं उरली होती, तू स्वयंपाकघरात तोंड धुण्याच्या निमित्तानं रडत होतीस. मी म्हटलं, गोळ्या तर मी कधीच सोडल्या आणि ठणठणीत आहे. तू माझ्याकडे असं बघितलंस! "पत्रानं!" म्हणालीस. "तू मागच्या वेळी लिहिलंस ना, त्या पत्रानं!"

सुल्मा, त्या मागच्या वेळी तू आम्हा सगळ्यांना कागद वाटलेस तेव्हा मी कोणालाही पत्र लिहिलं नव्हतं. मी पुढच्या आठवड्यात भरायच्या पिंपांची यादी केली. मीठ किती, दोरा किती, माणसं किती. मोठ्यानं वाचायची पाळी आली तेव्हा गळा दाटल्याचं नाटक केलं, आणि तुम्ही चौघी टाळ्या वाजवून रडलात. मीठ आणि दोऱ्याची यादी जळताना बघून मला इतकं हसू येत होतं की मी गळ्यातल्या रुमालानं तोंड दाबलं. तुला वाटलं, हुंदका.

तर जानेवारीत मी तुला खरं सांगू शकले असते. सांगितलं नाही. श्रेय तुला दिलं, अंगणात उभी राहून ते तीन मिनिटांचं भाषण ठोकलं, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून हसत आले. डॉक्टरला हसले, तुला हसले, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना हसले. सगळं जग गाढव आणि मी एकटी शहाणी. फार सुखाचे दिवस होते ते. त्या बायकांच्या मागे दाराशी सतरा-अठरा वर्षांची यामिला उभी होती, हे मला दिसलंसुद्धा होतं.

आणि जुलैत, ती स्वयंपाकघरात म्हणाली, 'तुला जमलं ते मला का नाही', तेव्हा मी काय उत्तर दिलं ते तुला सांगितलं नव्हतं. मी भांडी घासायला घेतली. ती समोर उभी, पट्ट्याला दोन नवी भोकं, आणि एका शब्दानं तिला सोडवता आलं असतं. पण तो शब्द बोलला की मी गाढव ठरत होते. म्हणून मी तवा घासत राहिले. स्वच्छ होता आधीच.

तुझा मला तिटकारा येतो, सुल्मा, खोटं कशाला बोलू. पण तुझा तुझ्या मेणबत्त्यांवर विश्वास आहे. माझा माझ्याखेरीज कशावरच नव्हता, आणि दोघींत जास्त नुकसान मी केलं.

सतरा तारखेला यामिला आली. तिला एल्बिओनं फोन केला होता. नाकात नळी घातलेली मावशी बघून ती दारातच थांबली. मग खुर्ची ओढून बसली. मी सगळं सांगितलं. गोळ्या, पिंपांची यादी, मे महिना, सगळं. नळीमुळे आवाज बदकासारखा येत होता, तरी ती हसली नाही.

"म्हणजे तू खोटं बोललीस?"

"हो."

"त्या व्हिडिओतलं सगळं खोटं?"

"सगळं नाही. सुरुवातीला माझं नाव सांगितलं, ते खरं होतं."

ती पिशवीतल्या हिरव्या पाण्याकडे बघत होती. मला वाटलं आता उठेल, शिव्या देईल, निघून जाईल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुझं नाही. माझं. माझं पत्रांनी जायचं नाही हे मला मार्चपासून माहीत आहे. मार्चपासून रक्त पडतंय."

"आणि तू तुझ्या आईला सांगितलं नाहीस?"

"चादरी मी धुते. ती उठायच्या आत."

"अगं पण का?"

"आता छत्तीस जण येतात मावशी, शनिवारी. तुझ्या त्या भाषणानंतर वाढले." ती बोटावरची साल काढत होती. "बाबा गेले तेव्हा आई चार महिने अंथरुणातून उठली नव्हती. मी नऊ वर्षांची होते, मीच पाव आणायचे. पुढे कित्येक वर्षं ती अशीतशीच होती. हे मंडळ सुरू झालं आणि ती केस विंचरायला लागली. तिच्याच घरात, तिच्याच मुलीचं बरं होत नाही असं कळलं तर उद्या कोण येईल? आणि कोणी आलं नाही तर ती परत झोपेल. मला व्हिडिओ खरा वाटायला हवा होता. म्हणून वाटून घेतला."

त्या चार महिन्यांत मी तुला भेटायला एकदाही आले नव्हते, सुल्मा. मी म्हणाले होते, नवरा पळाला म्हणून कोणी मरत नाही, सुल्माची नाटकं आहेत. मला आठवतंय मी कुठे म्हणाले. पिंपावर बसून, तंबाखू वळताना, सगळ्यांना हसवण्यासाठी. तुझ्या बायकांनी तुला उठवलं, मी नाही. त्यांची पत्रं कितीही खुळी असोत, त्या तुझ्या दारात आल्या होत्या.

गुरुवारी बेंतांकोरनं यामिलाची तपासणी केली. माझाच आजार, त्याच जागी. सूज आहे, व्रण आहेत, पण वाट अजून बंद झालेली नाही. औषधानं आटोक्यात ठेवता येईल, कदाचित सुरीशिवाय. "वर्षभर आधी आली असती तर आणखी सोपं गेलं असतं," एवढंच डॉक्टर म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. त्या पोरीनं मला एकदाही 'मी सांगितलं होतं' असं ऐकवलेलं नाही. मी तिच्या जागी असते तर दारावर पाटी लावली असती.

माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. या खेपेला गोळ्या घेईन. तो व्हिडिओ काढ, आणि शनिवारी तुझ्या मंडळात हे पत्र माझ्या नावानिशी वाच. त्यातले निम्मे सोडून जातील. उरतील त्यांना म्हणावं, पत्रं खुशाल लिहा, पण गोळ्या घेऊन लिहा.

येत्या शुक्रवारपासून यामिलाचं औषध सुरू होतंय. तिनं तुला कळवलंय की ती माझी शुश्रूषा करायला इथे राहिलीय. तिच्याबद्दल तुला एक अक्षरही कळू द्यायचं नाही, असा शब्द तिनं काल माझ्याकडून घेतला. ती उपचार इथे गुपचूप घेणार, आणि तुझ्याकडे येऊन म्हणणार की पत्रांनी बरी झाले. सगळं ठरवून ठेवलंय पोरीनं. तुला सांगितलं तर औषध घेणारच नाही, अशी धमकीही दिली. मी तिचा हात हातात घेतला, डोळ्यांत डोळे घालून शब्द दिला, आणि तिनं विश्वास ठेवला. माझ्याबद्दल सगळं ऐकल्यानंतरही ठेवला.

ती जागी व्हायच्या आत हे पाकीट एल्बिओकडे देते. तो संध्याकाळच्या साल्तोच्या बसवर चढवेल. हा मी तिला दिलेला दुसरा खोटा शब्द आहे. शुक्रवारी सकाळी आठला ये. केस विंचरून ये, आणि तिला कळू दे की तुला सगळं माहीत आहे आणि तरी तू पायांवर उभी आहेस.

तुझी खोटारडी बहीण,
निबिया